पत्रं पाकिटातून वेगळी करू नका

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करायला तीन महिने मिळाले. भांडी, कपाटं, गाद्या यांचं काय करायचं ते आठवड्याभरात ठरलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीला मात्र मी कुणालाही हात लावू दिला नाही. त्यात आईची पत्रं होती, १९७१ साली लग्न होऊन ती ठाण्याला आली तेव्हापासून घरात फोन येईपर्यंतची. मोजली तर ४१२ भरली.

कार्डं आणि अंतर्देशीय पत्रं यांनी काहीच त्रास दिला नाही. पत्ता, मजकूर, शिक्का सगळं एकाच कागदावर. दोन रविवार आई आणि मी जमिनीवर चादर अंथरून बसलो आणि माणसांप्रमाणे गठ्ठे लावले : चिपळूणचा मामा, सांगलीची मावशी, आजोबा, फिरतीवर असतानाचे बाबा.

अडलं ते पाकिटांपाशी. ६३ पाकिटं होती. प्रत्येकात तीन-चार पानं, काहींची शाई उडत चाललेली. ऑफिस आणि घर हलवण्याच्या गडबडीत मला वेळ होईना, म्हणून जवळच्या एका दुकानात स्कॅनिंगला दिली. ‘दोन दिवसांत देतो ताई,’ म्हणाले. दोनाचे अकरा झाले. रोज संध्याकाळी स्टेशनवरून चालत आधी त्या दुकानात जायचं आणि ‘उद्या नक्की’ ऐकून घरी यायचं. शेवटी पिशवी हातात पडली. घरी येऊन उघडली आणि मी मटकन खालीच बसले. एका रबरबँडमध्ये सगळी पत्रं, दुसऱ्यात सगळी रिकामी पाकिटं.

परत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘ताई, मजकूर तर सगळा आलाय ना?’

मजकूर आला होता, वर्षं गेली होती. आमच्या माणसांना पत्रावर साल लिहायची सवयच नव्हती. वर श्री, कोपऱ्यात ‘मंगळवार, ता. १४ ऑगस्ट’, की लगेच ‘चि. सौ. माईस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.’ सुरू. साल असायचं ते पाकिटावरच्या शिक्क्यात. अजूनही ते आठवलं की माझा संताप होतो. पन्नास वर्षं जे एकमेकांत घडी घालून राहिलं, ते कुणीतरी एका दुपारी सुटं करून टाकलं.

पुढचे दीड महिने मी त्यात घालवले. वार आणि तारीख दोन्ही असेल तर साल काढता येतं, कारण तीच तारीख त्याच वारी ५, ६ किंवा ११ वर्षांनीच परत येते. १४ ऑगस्टला मंगळवार १९७३, १९७९ आणि १९८४ या तिन्ही साली होता. मग यातलं कुठलं? मामानं पत्रात लिहिलं होतं, ‘राखी आजच पोचली, पौर्णिमा चुकली नाही.’ मोबाईलवर जुन्या वर्षांचं पंचांग मिळतं. त्या तीन सालांपैकी १४ ऑगस्टला पौर्णिमा फक्त १९७३ मध्ये. तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी मी आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, ‘ती राखी मी जांभळी नाक्यावरून घेतली होती.’

शिक्का पुसट असेल तर पाकिटावर पिनकोड आहे का बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे पत्त्यात ४००६०२ असेल तर पाकीट त्यानंतरचं. मागची बाजूही बघायची, तिथे बऱ्याचदा पत्र पोचलं त्या पोस्टाचा शिक्का असतो आणि तो पुढच्यापेक्षा स्पष्ट उमटलेला सापडतो.

पण निम्मी पाकिटं जुळली ती आईमुळे आणि अक्षरामुळे. मामा ‘ळ’ची शेपटी खालच्या ओळीत नेऊन सोडायचा. पुढे त्याचा हात कापायला लागला तसा तो बॉलपेन इतकं दाबून धरायचा की पानाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. पाकिटावरचा पत्ताही तसाच दाबलेला. आईनं डोळे मिटून, नुसती बोटं फिरवून सहा पत्रं त्यांच्या पाकिटात घातली. घडीच्या खुणा लावून पाहिल्या तर सहाही बरोबर. दुकानदारानं दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये ती सगळी पत्रं आहेत, अगदी स्वच्छ, वाचता येण्याजोगी. त्यावरून आईला एकही जुळवता आलं नसतं.

मधेच आठवलं म्हणून सांगते, टाचण्या सगळ्यात आधी काढा, पण ओढू नका. गंजलेली टाचणी ओढली की कागद तिथेच फाटतो. आणि लॅमिनेशन कुणी कितीही सुचवलं तरी करू नका, एकदा केलं की कागद परत मोकळा होत नाही. शाईपेननं लिहिलेल्या पत्राला ओला हात लागता कामा नये. आपल्याकडच्या पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून मी सुती कापडात बांधून ठेवली आहेत आणि उघडीप मिळाली की पंख्याखाली पसरते.

पाच पाकिटं अजून रिकामी आहेत आणि पाच पत्रांना पाकीट नाही. संख्या जुळते, पण जोड्या लागत नाहीत. त्यातलं एक आजोबांचं आहे, आई एकदा आजारी होती तेव्हाचं. ते कुठल्या साली आलं हे तिलाही आठवत नाही. रोज जेवण झालं की ती ते एकच पत्र मागून घेते.

स्कॅन बाहेरून करून घ्यायचंच असेल तर देण्यापूर्वी प्रत्येक पाकिटावर आणि आतल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं एकच आकडा घाला. ६३ पाकिटांना मला एक संध्याकाळ लागली असती. खरं तर बाहेर देऊच नका. दिवसा खिडकीपाशी पत्र सपाट ठेवून मोबाईलवर फोटो चांगले येतात. आधी पाकिटाचा काढा, मग आतल्या पानांचे, आणि पान लगेच परत पाकिटात.