नववीच्या वहीतला सरवा

आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतरचा पहिला तास शास्त्राचा असे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले आणि पुढे जिल्ह्यात ज्या शाळा व वसतिगृहे उभी राहिली, त्याच परंपरेतली ही शाळा असल्यामुळे पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, वेळापत्रकात जागा होती. ख्रिस्ती नसलेल्या मुलांना त्या तासाची सक्ती नव्हती, तरी माझ्या वर्गातील बहुतेक मुले बसत, कारण शास्त्राचे गुरुजी तो तास उपदेशाचा न करता वाचनाचा करत. १९७८-७९ साली मी नववीत असताना त्यांनी शिकवलेला एक उतारा मला आजवर पुरला आहे. शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत मी त्याच एका उताऱ्याविषयी लिहीत आहे.

गुरुजींची रीत अशी की, उतारा तीन वेळा वाचायचा. पहिल्या वाचनात कोणी काही बोलायचे नाही. दुसऱ्या वाचनात हे कोण कोणाला सांगतो आहे आणि त्याच्या आधी व नंतर काय आले आहे, ते शोधायचे. तिसऱ्या वेळी मात्र पेन्सिल हातात घेऊन क्रियापदाखाली रेघ ओढायची. विशेषणे मनाला बरी वाटतात, पण काय करायचे ते क्रियापद सांगते, असे ते म्हणत. डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ती ओवी आजच्या दिवसाचा आदेश मानायची, ही आमच्यापैकी काहींच्या घरातली सवय त्यांना अजिबात मान्य नव्हती. ज्या माणसाचे पत्र आपण वाचतो, ते मधूनच एक ओळ उचलून वाचले तर त्या माणसाचा अपमान होतो, मग हे तर शास्त्र आहे, असे ते कळवळून सांगत.

त्या वर्षी त्यांनी लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आणि त्याला जोडून रूथचे पुस्तक घेतले. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नकोस, कापणीनंतर पडलेला सरवा वेचू नकोस, द्राक्षमळ्यात गळलेली फळे गोळा करू नकोस. गरीब आणि उपरी यांच्यासाठी ते राहू दे, अशी ती आज्ञा आहे. त्यातला ‘उपरी’ हा शब्द समजावताना गुरुजींनी जुन्या महसुली कागदांतला मिरासदार आणि उपरी यांच्यातला भेद सांगितला होता. एक जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार, आणि दुसरा कसणारा असूनही जिथे मुळे नाहीत असा. त्या दिवसापासून तो शब्द माझ्यासाठी दूरच्या इस्राएल देशातला राहिला नाही.

‘सरवा’ हा शब्द तर माझ्या घरातलाच होता, आणि तेच माझे दुखणे होते. माझी आजी बाजरीची काढणी झालेल्या रानातून कणसे वेचून आणीत असे. भुईमूग उपटून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा खुरप्याने उकरीत असे. लहानपणी मी तिच्या मागे ओचा धरून हिंडलो होतो. वसतिगृहात आल्यावर मात्र हे कोणाला कळू नये, अशी मी काळजी घेत होतो. गुरुजींनी वहीत उतरवून दिलेला पहिलाच प्रश्न असा होता : ‘तुमच्या घरी कोणी सरवा वेचला आहे काय? कोणता?’ बाकीच्या सर्व प्रश्नांची उत्तरे मी लिहिली आणि त्या प्रश्नाखालच्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. वही तपासून आली तेव्हा त्या कोऱ्या ओळींच्या शेजारी लाल शाईत एवढेच लिहिलेले होते : ‘ही जागा राहू दे.’

पुढच्या तासाला त्यांनी रूथची कथा घेतली. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेले कुटुंब, तिथे पती आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी, आणि सासूला न सोडता परक्या देशात आलेली मवाबी सून रूथ. त्या दोघी परतल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. रूथ सरवा वेचायला गेली ते रान बवाजाचे निघाले. बवाज तिला कापणाऱ्यांबरोबर जेवायला बसवतो आणि भाजलेले दाणे देतो (गुरुजी त्याला सरळ हुरडाच म्हणत), आणि ती उठून गेल्यावर आपल्या गड्यांना बजावतो की, तिला हटकू नका, उलट पेंढ्यांतून थोडे मुद्दाम गळू द्या. संध्याकाळी तिने झोडलेले सातू एफाभर, म्हणजे साधारण वीस-बावीस लिटर मापाचे भरले. हे सारे सांगून झाल्यावर गुरुजींनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळ उघडायला लावली. तिथे दावीद राजाच्या आणि पर्यायाने येशूच्या पूर्वजांत रूथचे नाव आहे. सरवा वेचणाऱ्या बाईचे नाव त्या यादीत लिहिलेले पाहून मला जे वाटले, ते त्या वयात मी कोणाला सांगू शकलो नसतो. मी आजीची वाकलेली पाठ आठवत खाली मान घालून बसलो होतो आणि पहिल्यांदाच ती मान शरमेने खाली गेलेली नव्हती.

क्रियापदाखाली रेघ ओढायची वेळ आली तेव्हा वर्गात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, हे दानाविषयी आहे. गुरुजींनी त्याला ‘दे’ हे क्रियापद शोधून दाखवायला सांगितले, आणि ते त्या दोन ओव्यांत कुठेच नव्हते. आज्ञा आहे ती ‘राहू दे’ अशी. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. पण जे राहू दिले आहे ते वेचणारा आपल्या कष्टाने आपल्या घरी नेतो, त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आपल्याकडील बलुत्याशीही त्यांनी याची तुलना केली. बलुते कामाच्या बदल्यात मिळे आणि ते मिळवताना खळ्यावर किती ताटकळावे लागे, हे आमच्यापैकी अनेकांच्या आज्या-आजोबांना ठाऊक होते. सरव्याला मात्र कसली सेवा आधी करावी लागत नाही. उपरी असणे, विधवा असणे, गरीब असणे एवढेच शास्त्राला पुरते. हा भेद माझ्या मते त्या अध्यायाचा गाभा आहे.

एवढे शिकूनही मी चुकलो, आणि ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. सरकारी नोकरी करता करता मी गावाकडची साडेतीन एकर जमीन कसत होतो. २०१९ च्या परतीच्या आणि अवकाळी पावसाने निम्मा कांदा वाफ्यातच सडला, आणि जो वाचला त्याला त्या डिसेंबरात किरकोळ बाजारातला किलोचा भाव शंभराच्या पुढे गेल्यामुळे सोन्याचे मोल आले. मी गोल्टी म्हणजे बारीक कांदा, एवढेच काय त्याहून बारीक चिंगळीसुद्धा वेचून घ्यायला लावली. काढणी झालेल्या वाफ्यांत दोन बाया आणि एक मूल वेचत होते, त्यांना मी ओरडून बाहेर काढले. वर शास्त्रातले प्रेषित पौलाचे वाक्य ऐकवले की, काम न करणाऱ्याने खाऊ नये.

रात्री ते वाक्य मला झोपू देईना. उठून थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय तीन वेळा वाचला. पौल ज्यांना बोलतो आहे, ते मंडळीतले धडधाकट लोक आहेत. काम सोडून ते इतरांच्या कामात लुडबुड करीत होते. आणि वाक्यातले क्रियापद ‘इच्छा नसेल’ असे आहे. ज्यांना मी ते ऐकवले, त्या तर सकाळपासून कंबरेत वाकून मातीत हात घालून होत्या. मी नेमके तेच केले होते, ज्याविषयी गुरुजी कळवळून बोलत : मधूनच एक ओळ उचलली होती, आणि तीही स्वतःच्या लोभासाठी.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्यांपैकी थोरली म्हणाली, “दादा, रान तुमचं हाय, तुमी हटकणारच.” हे ऐकणे मला त्यांनी शिव्या देण्यापेक्षा जड गेले. तेव्हापासून बांधालगतचे दोन वाफे मी काढायला लावत नाही, आणि काढणीच्या मजुरांना पुन्हा वेचणीला पाठवत नाही. वाफे किती आणि कोणते, हे सुरुवातीलाच ठरवतो, कारण भाव कळल्यानंतर ठरवायचे म्हटले तर माझा माझ्यावर भरवसा नाही. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नकोस असे म्हटले आहे. त्याचे कारणही तिथेच दिले आहे, की तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. मला मिसरपर्यंत जावे लागत नाही. आजीच्या ओच्यापर्यंत गेले तरी पुरते.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुन्या वह्या मागवल्या आहेत असे कळल्यावर मी माझी नववीची वही शोधून काढली. लाल शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. पाठवण्याआधी त्या दोन कोऱ्या ओळींवर मी लिहिले : ‘होय. माझ्या आजीने. बाजरीचा आणि भुईमुगाचा.’