जरा जबडा सैल सोडा

हे वाक्य वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का, तेवढं बघा. टेकले असतील तर एव्हाना सुटलेही असतील, कारण विचारणा झाली की जबडा सुतासारखा सरळ येतो. दंतवैद्य सांगतात, माणूस स्वस्थ असताना ओठ मिटलेले असावेत, पण दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटरची फट असावी. चावताना आणि गिळताना दातांची गाठ पडते तेवढी पुरे. माझ्या दातांना हे कुणी सांगितलेलं नाही. फोनवर पलीकडून ‘जरा बोलायचं होतं’ असं आलं की ते एकमेकांना भिडतात. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं की भिडतात. दुसरा कुणी गाडी चालवत असेल आणि मी शेजारी बसलो असेन, तर विचारूच नका. मला खबर लागते ती थेट संध्याकाळी, कानशिलं ठणकायला लागल्यावर.

जबड्याच्या जोडीला खांदे आहेत. सकाळी जागेवर असतात आणि दिवस चढेल तसे नकळत वर सरकत कानांपाशी येतात. आणि श्वास. एखादा नाजूक मेसेज टाइप करताना तो मधेच अडून राहतो आणि ‘पाठवा’ दाबल्यावर सुटतो.

‘शरीराचं ऐका’ हा सल्ला हल्ली चहूबाजूंनी कानावर येतो, बहुतेकदा मंद संगीताच्या साथीने. त्या सुरावरून वाटतं की आत काहीतरी गहन चाललंय आणि डोळे मिटले की ते उलगडणार. माझं शरीर इतकं गहन बोलत नाही. ते म्हणतं, लघवीला जाऊन ये. मी म्हणतो, हे एवढं संपवतो. ते गप्प बसतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणतं. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण १५० ते २५० मिलिलिटर भरलं की पहिली चाहूल लागते, आणि मावतं त्यात ४०० ते ६०० मिलिलिटर. म्हणजे निरोप चांगला वेळेआधी, हळू आवाजात आलेला असतो. शेवटी पायावर पाय आवळून बसायची वेळ येते, ती आपणच आणलेली. तहान, पाठीचा ताठरपणा, डोळ्यांची चुरचुर, सगळ्यांची हीच तऱ्हा. पहिल्या हाकेला उठायचं, एवढंच ते ऐकणं. यात ध्यान नाही, धारणा नाही, म्हणून यावर शिबिरंही भरत नसावीत.

आपण धरून चालतो की मेंदू हुकूम सोडतो आणि बाकीचं शरीर तो पाळतं. व्हेगस नर्व्हकडे बघितलं तर चित्र जवळजवळ उलटं दिसतं. मेंदूच्या तळापासून निघून ही नस गळा, हृदय, फुप्फुसं, जठर असं करत आतड्यांपर्यंत जाते, आणि तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालची खबर वर नेणारे असतात. साहेब हुकूम सोडतो थोडे, त्याच्या टेबलावर अहवालच ढिगाने येऊन पडतात. त्यातले तो वाचतो किती, हा प्रश्न वेगळा.

या व्हेगसची एक गोष्ट मला फार आवडते. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञांना एका रात्री झोपेत एक प्रयोग सुचला. उठून त्यांनी तो कागदावर खरडला आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तेच पुन्हा सुचलं. या खेपेला कागदाच्या भरवशावर न राहता ते उठले आणि तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदयं घेऊन ती द्रावणात धडधडत ठेवली. एकाची व्हेगस चेतवली तशी त्याची गती मंदावली. मग त्या हृदयातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. १९२१ साली हे प्रसिद्ध झालं आणि नस हृदयाशी रसायनातून बोलते हे कळलं. ते रसायन पुढे अ‍ॅसिटिलकोलीन निघालं, आणि १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेलही मिळालं. मला त्यात नोबेलपेक्षा ती दुसरी रात्र आवडते. पहिला निरोप धड वाचता आला नाही, म्हणून तो पुन्हा आला.

हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर ते मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. निवांत बसलेल्या माणसाचे ठोके बहुधा ६० ते ८० असतात, ते व्हेगसने आवरून धरल्यामुळे. म्हणजे नुसतं शांत बसलेलं असतानाही आत काम चालूच असतं. (घरच्यांना हे सांगून पाहायला हरकत नाही.) श्वास आत घेताना व्हेगसची पकड सैल होते आणि ठोके जरा वाढतात. सोडताना ती पुन्हा आवळते आणि ठोके मंदावतात. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेतला तर हे आपल्यालाच कळतं. तरुणांना जास्त, वय वाढेल तसं कमी. लांब ‘हुश्श’ केल्यावर हायसं वाटतं, त्यात या पकडीचाही हात असावा.

ताण येऊन गेला तर शरीराला तो झेपतो. मुक्कामाला राहिला की झिजवतो. या साचत जाणाऱ्या झिजेला ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ साली ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ म्हटलं. मोठी संकटं तर त्यात मोजली जातातच, पण रोजची अपुरी झोप आणि रोजची धुसफूसही जमा होत राहते.

पण शरीर म्हणेल ते सगळंच खरं मानायचं, हेही मला पटत नाही. ते बातमी चोख देतं, कारण सांगत नाही. छातीत धडधडतंय एवढंच ते कळवतं. ती धडधड भाषणाची आहे, दोन जिने चढल्याची आहे की रिकाम्या पोटी घेतलेल्या तिसऱ्या कॉफीची, हे आपण ठरवतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात भयंकर कारण निवडतो. छातीत दुखत असेल तर डॉक्टर गाठावा, तिथे चिंतन नको. पण रात्री उशिरा ‘माझं सगळंच चुकत चाललंय’ असं आतून जोरात वाटतं, तेव्हा आधी झोपून बघावं. तो निरोप बहुधा झोपेचाच असतो.

आता ऐकायचं कामही मनगटावरच्या घड्याळाकडे गेलं आहे. ते मधेच थरथरून सांगतं की तुम्ही तणावात आहात, आणि नसलो तरी ते वाचल्यावर होतो. सकाळी झोपेचे गुण देतं. या गुणांपायी माणसं इतकी काळजी करू लागली की २०१७ साली झोपेच्या तज्ज्ञांनी या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. माझी एक मैत्रीण ताजीतवानी उठते, घड्याळात गुण बघते आणि मग दिवसभर जांभया देते.