खाली अबोली आसा मां!

पाऊस सरला की पायऱ्यांच्या चिऱ्यांमधलं गवत उपटायचं काम माझ्याकडे असतं. कंबर मोडते, नखांत माती जाते आणि आठ दिवसांत गवत पुन्हा हजर. गेल्या वर्षी मी शहाणपणा केला. माडांसाठी आणलेल्या गोणीतलं जाडं मीठ बादलीभर कढत पाण्यात विरघळवलं आणि फटीफटींत ओतलं. तिसऱ्या दिवशी गवत करपून पिवळं! मी खूश.

काकी पडवीतून बघत होती. "अरे, तां पाणी जातला खंय? खाली अबोली आसा मां!"

उताराचा विचार मी केलाच नव्हता. पंधरा दिवसांत अबोलीच्या पानांच्या कडा जळल्या, कळ्या गळल्या. मुळाशी माती ओलीच होती आणि झाड तहानेनं मरत होतं. मुळाच्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून पाणी आत जातं. मातीतच मीठ वाढलं की हा हिशेब उलटतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी भांड्यात पाणी सुटलेलं असतं ना, तसंच. लोणच्यात कुजवणाऱ्या जंतूंचंही हेच होतं, त्याचं आपल्याला दुःख नसतं. पण लहानपणी आम्ही गोगलगायींवर चिमूटभर मीठ टाकून त्या फेसाळताना बघत बसायचो. ते आठवलं की आता कसंनुसं होतं.

खाडीकाठच्या लोकांना हे शिकवायला नको. उधाणाला खारबांध फुटला की भातशेतात शिरतं ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेलं समुद्राचं पाणी. पाऊस ते हळूहळू धुऊन नेतो, पण तोवर चिकण माती सुकली की दगडासारखी होते. खाऱ्या जमिनीत तग धरणारी भातं मुद्दाम काढावी लागली. पनवेलच्या संशोधन केंद्रातल्या जाती त्याच कामाच्या. आणि त्याच खाडीत तिवर मजेत उभा! नको असलेलं मीठ तो पानांतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत त्याचं पान चाटून बघा, खारट लागतं. तिकडे शिरोड्याला तर मीठ हेच पीक होतं, ज्याच्यासाठी १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात लोकांनी लाठ्या खाल्ल्या.

माडाची तर गंमतच. काकी दरवर्षी त्याच्या आळ्यात ओंजळी भरून मीठ घालते आणि तो तरारतो. मिठातलं क्लोरीन त्याला मानवतं म्हणतात. काकीला क्लोरीन ठाऊक नाही, माड ठाऊक आहे.

यंदा पावसानं पायऱ्या धुतल्या. फटींत गवत पहिल्यासारखं उभं आहे, अबोली मात्र गेली ती गेलीच. त्या जागी काय लावूया, असं मी काकीला विचारलं.

"माड लाव," ती म्हणाली. "मीठ तां घातलंसच मां."