टेकली का? डेट्रॉइट नदीवरचा एक शनिवार आणि मासेमारीचा 55 डॉलरचा रॉड

पहाटे पावणेपाचला कँटनमधून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता. एप्रिलचा दुसरा शनिवार. मिशिगनमध्ये एप्रिलला वसंत म्हणतात, ते कागदोपत्री. आय-275 ने दक्षिणेला सरळ खाली, आणि उजाडायच्या आत ट्रेंटनला. एलिझाबेथ पार्कच्या धक्क्याशी पिकअप आणि त्यांच्यामागच्या बोटींची रांग आधीच लागली होती. दिव्यांच्या उजेडात लोक थर्मासमधली कॉफी पीत आपापल्या पाळीची वाट बघत होते. आपल्याकडे वारीत असते तशी एक समजूतदार शिस्त इथे दिसते, फक्त टाळांच्या जागी ट्रेलरच्या साखळ्या वाजतात.

या सगळ्यांना इथे आणलंय वॉलआय नावाच्या माशाने. मार्च ते मे या काळात ईरी सरोवरातले वॉलआय अंडी घालायला डेट्रॉइट नदीत वर चढतात. नदी म्हणायची, पण ही खरं तर सेंट क्लेअर आणि ईरी या दोन सरोवरांना जोडणारी, जेमतेम 45 किलोमीटर लांबीची सामुद्रधुनीसारखी चिंचोळी वाट आहे. 'डेट्रॉइट' या फ्रेंच नावाचा अर्थही तोच. प्रवाह मात्र नदीला लाजवेल असा. म्हणूनच इथे गळ लांब फेकून बसत नाहीत, तो बोटीच्या कडेला सरळ खाली सोडतात. जड जिग, म्हणजे शिशाचा गोळा बसवलेला आकडा, त्याला रबरी अळी नाहीतर छोटा मासा, आणि पाण्यात उभी लाइन, म्हणजे गळाची दोरी. बोट प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यायची, म्हणजे लाइन तिरपी होत नाही.

गेल्या वर्षी मी इथे पहिल्यांदा आलो आणि माझं पार हसं झालं. एका मोठ्या दुकानातून रॉड आणि लाइन गुंडाळायच्या रीलची जोडी 35 डॉलरला उचलली होती. सात फूट लांब, मऊ, देखणी. दांडीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं: आमिषाचं वजन 1/16 ते 3/8 औंस. इथे प्रवाहात जिग लागतो 5/8 किंवा 3/4 औंसाचा, म्हणजे 18 ते 21 ग्रॅम, आणि वारा असेल तर अख्ख्या औंसाचा. तो जिग बांधताच माझ्या रॉडने वाकून जो नमस्कार घातला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. मी मनगट उचलायचो, टोक उशिरा उचललं जायचं आणि खाली जिगचं काय चाललंय ते देवालाच ठाऊक. त्यात भर म्हणजे ताणली जाणारी साधी नायलॉनची लाइन. दिवसभरात एक मासा, तोही चुकून लागलेला, आणि नऊ जिग तळाच्या दगडांना अर्पण. बोटीचा मालक म्हणजे माझ्या ऑफिसातला टूलिंगचा, म्हणजे साचे-अवजारांच्या कामाचा जुना माणूस, डाउनरिव्हरमध्येच, म्हणजे डेट्रॉइटच्या दक्षिणेच्या या नदीकाठीच जन्मलेला. तो इतकंच म्हणाला, "रॉड वाईट नाही. चुकीच्या कामाला आणलायस."

त्या रात्री मला दाभोळचे काका आठवले. काकांकडे कधी दांडी नव्हती. खाडीत होडी थांबवून ते शिसं बांधलेली गरी हातानेच सोडायचे, दोरी पहिल्या बोटावरून. मी लहान असताना माझ्या हातात दोरी देऊन ते एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे, "टेकली का?" टेकली की वीतभर उचलायची, परत टेकवायची. टेकल्याचं कळलं नाही, तर गरी कुठल्या तरी खडपात गेली म्हणून समजायचं. चार वाव पाण्याखालची वाळू आणि दगड यांतला फरक त्यांचं बोट सांगायचं. मी 35 डॉलर देऊन ते बोट बधिर करून घेतलं होतं.

म्हणून या खेपेला खरेदी उलट्या बाजूने केली. आधी रील घेतलं, 2500 नंबरचं. त्यावर 10 पौंडांचा ताण सोसणारी पिवळीधमक वेणीची लाइन भरली, जी जवळजवळ ताणतच नाही. मग एका 3/4 औंसाच्या जिगचा आकडा पक्कडीने कापून टाकला आणि तो खिशात टाकून डंडीचं कॅबेलाज गाठलं. तिथे दुकानाच्या मध्यावर खोटा डोंगर आहे आणि त्यावर भुसा भरलेली जनावरं उभी आहेत. त्या जनावरांच्या देखत मी माझं रील एकेका रॉडला लावायचो, लाइन कड्यांतून ओवून जिग बांधायचो आणि डोळे मिटून तो जमिनीवर टेकवायचो. एकदा फरशीवर, एकदा गालिच्यावर, एकदा पुठ्ठ्याच्या खोक्यावर. बरोबर सांगलीचा मित्र होता. तो जिग हवा तिथे सरकवायचा आणि विचारायचा, "सांग, आता कुठंय?" विक्रेत्याने असले वेडे आधी पाहिले असावेत, कारण त्याने नुसती खुर्ची आणून दिली.

40 ते 60 डॉलरच्या टप्प्यात पाच-सहा रॉड हाताळले. अग्ली स्टिक जीएक्स2 भलताच दणकट. ग्राफाइट आणि फायबरग्लासचं मिश्रण असल्यामुळे तो आपटा, तुडवा, गाडीच्या दारात चेपा, सहसा मोडणार नाही. मुलांसाठी किंवा काठावरून मासेमारीला मी डोळे झाकून तोच घेईन. पण डोळे झाकूनच केलेल्या माझ्या परीक्षेत फरशी आणि खोकं मला त्यावर वेगळे लागले नाहीत. निव्वळ ग्राफाइटचे दोन रॉड मात्र स्पष्ट बोलत होते. फरशीवर टिक, खोक्यावर टप, गालिच्यावर काहीच नाही. शंभराच्या वरचाही एक उचलून पाहिला. तो आणखी बारीक बोलतो, खोटं कशाला सांगू. पण 55 आणि 130 मधला फरक मला गालिच्याच्या पोतापुरताच जाणवला, आणि नदीच्या तळाला गालिचा नसतो.

शेवटी घेतला तो सहा फूट तीन इंचांचा, मीडियम ताकदीचा, फास्ट टोकाचा, गेल्या वर्षीच्या मालातला म्हणून 55 डॉलरला. फास्ट म्हणजे वरचा थोडाच भाग वाकतो, बाकीची दांडी ताठ राहते. लांबी इतकीच का? तर फेकायचं काही नाहीच. जिग बोटीच्या कडेला, रॉडचं टोक पाण्याजवळ, आणि दिवसभरात हजारदा मनगट उचलायचं. लांब दांडी इथे नुसता भार. मीडियम-हेवी मोह पाडत होता, पण न ताणणाऱ्या लाइनीवर फार ताठ रॉड असला तर लागलेला मासा आकड्यावरून सुटतो. शिवाय रील जिथे बसतं तिथे खाली उघडी जागा हवी, म्हणजे बोट थेट दांडीवर टेकतं. फोमची जाड मूठ हाताला ऊब देते, पण कानात बोळे घातल्यासारखी. एकसंध रॉड घेतला. मागची सीट पाडली की तो माझ्या सेडानमध्ये आडवा मावतो.

जुना रॉड घेणाऱ्यांसाठी त्या टूलिंगवाल्याची युक्ती इथेच सांगून टाकतो. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कड्यातून फिरवायची. कापूस अडकला तर तिथे चीर आहे, ती लाइन कापणार. आणि ग्राफाइटमधून वीज वाहते, तेव्हा गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून किनारा गाठायचा.

तर शनिवार. ग्रोस ईल बेट आणि ट्रेंटन यांच्यामधल्या प्रवाहात बोट सोडली. पाणी 44 फॅरनहाइट, म्हणजे 7 सेल्सिअसच्या आसपास, खोली 18 ते 24 फूट. बोटीचा मालक, तो टूलिंगवाला म्हातारा, पुढे बसून पायाने विजेची मोटर सांभाळत होता, त्याची नजर माशांवर नाही, आमच्या लाइनींवर. लाइन जरा तिरकी झाली की तो बोट सरकवून तिच्या डोक्यावर आणायचा. या प्रकारातली निम्मी मासेमारी बोट चालवणाराच करतो, फोटोत मात्र तो येत नाही.

जिग सोडला. टिक. वीतभर उचलला, लाइन ढिली न सोडता खाली नेला. टिक. मग टिक लवकर आली म्हणजे तळ चढतोय, उशिरा आली म्हणजे खड्डा. अर्ध्या तासात डोळ्यांसमोर तळ उभा राहायला लागला. आणि मग एकदा टिक आलीच नाही. मध्येच काहीतरी जड, ओलं फडकं लागल्यासारखं. वॉलआय बहुतेकदा जिग खाली जाताना घेतो आणि झटका देत नाही, नुसता वजनाने लटकतो. मी मनगट उचललं आणि रॉड पहिल्यांदा मधूनही वाकला.

दुपारपर्यंत चार मासे. पाचवी चांगली मोठी, पोट अंड्यांनी टरारलेली मादी होती. ती सोडली. माणशी सहाची मर्यादा आहे, पण या नदीतले मोठे मासे फार खाऊ नयेत असंही राज्याचं आरोग्य खातं सांगतं. जिग गेले ते तीन. त्यातले दोन मी कॉफी ओतून घेताना, म्हणजे त्यांचं पाप रॉडच्या माथी नाही. बोटं इतकी गारठली होती की टिक बोटाला कळते की कोपराला, हेच कळेना. रवा लावून तळलेला वॉलआय मला मुडदुशांच्या जवळचा वाटतो. बायकोला अजिबात वाटत नाही.

सात फुटी रॉड फेकला नाही. दोन पौंडी लाइन भरून तो लेकीला दिलाय. सतराच्या आतल्यांना इथे परवाना लागत नाही. मे महिन्यात केंट लेकच्या काठावरून ती ब्लूगिलसाठी बुचाचा तरंग फेकते, आणि ते तळहाताएवढे मासे त्या मऊ टोकावर असे काही नाचतात की बस.