मालगुजाराच्या वाड्यातलं विलायती तबक: दोन वजनं आणि एक पुसलेली ढाल

मंडळी, पवनीकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्यात तीन पायांचं एक जुनं तबक आहे. त्याचा मूळ मालक शोधण्याचं माझं काम आता बरंच पुढं सरकलंय. घरच्या आजींनी ते तिजोरीतून काढून देवघरासमोर ठेवलं आणि ठामपणे सांगितलं, "भोसल्यांच्या लिलावातलं आहे जी हे." आपल्या भागात जुनी चांदी दाखवणाऱ्या बहुतेक घरांत हेच ऐकायला मिळतं. त्याला आधारही आहे. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्य खालसा केलं, आणि राजघराण्यातल्या बांकाबाईंचा विरोध डावलून राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. पण अशी कथा मी भांड्याला विचारून पाहतो, आणि भांडं बोलतं ते पालथं घातल्यावर.

पालथ्या बाजूला पाच ठसे आहेत. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. मुकुटधारी बिबट्याचं तोंड लंडनचं. १८२१ नंतर त्याचा मुकुट गेला, म्हणजे तबक त्याआधीचं. राजाचं मस्तक म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण, ती १७८४ ते १८९० या काळातच पडायची. वर्षाचं अक्षर मोठं 'पी', म्हणजे १८१०-११. पाचवा ठसा कारागिराचा, तो इतका झिजलाय की त्याला मी सध्या हात लावत नाही.

हे झालं जन्माचं. मालकी कळते ती दुसऱ्या खुणांवरून. विलायतेतले उमराव आपल्या जेवणाच्या चांदीवर घराण्याची ढाल, म्हणजे ढालीच्या आकारातलं मानचिन्ह, कोरून घेत. वर मुकुट असेल तर त्याच्यावरून दर्जा कळतो: बॅरनच्या मुकुटावर समोरून चार मोती दिसतात, अर्लच्या मुकुटावर उंच दांड्यांवरचे पाच, ड्यूकच्या मुकुटावर नुसती पानं. ढाल उभी दुभागलेली असेल तर आपल्या डावीकडं नवऱ्याचं घराणं आणि उजवीकडं बायकोचं. असं लग्न सापडलं की मालक जवळजवळ सापडलाच. ढाल नसून पिळलेल्या दोरावर नुसता एखादा पक्षी किंवा हात असेल तर मात्र सावध राहावं. तशी खूण अनेक घराण्यांची एकसारखी असते, आणि तेवढ्यावर नाव ठरवणारे विक्रेते मला मुळीच पटत नाहीत.

या तबकाच्या मध्यभागी काहीच नाही, नुसता गुळगुळीत वर्तुळाकार भाग. बोटानं चाचपलं तर पत्रा तिथं पातळ लागतो. म्हणजे कोरीव काम घासून काढलंय. खोली अंधारी करून बाजूनं टॉर्च धरला आणि चांदीवर हळूच फुंकर मारली. वाफ धरताच पुसलेल्या रेषा क्षणभर उमटल्या. आत काय होतं ते वाचता आलं नाही, पण बाहेरची आकृती चौकट नव्हती, शंकरपाळ्यासारखी तिरपी होती. विलायतेत हा आकार बाईचा: विधवेचा किंवा अविवाहितेचा. वर मुकुटाचा मागमूस नाही. म्हणजे हे तबक कुण्या उमरावाच्या दरबारी जेवणातलं नसून, खानदानी घरातल्या एका बाईच्या स्वतःच्या मालकीचं होतं. मला हे राजाच्या मालकीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता वजनं, माझ्या दृष्टीनं सगळ्यात भारी भाग. पाठीमागं टोकदार सुईनं '४१ - १०' खरडलंय: ४१ ट्रॉय औंस (चांदी-सोन्याचं विलायती वजन) आणि १० पेनीवेट. वीस पेनीवेटांचा एक औंस, म्हणजे साडेएकेचाळीस औंस. मोठ्या घरात असं वजन लिहून ठेवत, म्हणजे मोजदादीत चोरी पकडता येई. औंसाचे ३१.१ ग्रॅम धरले तर सुमारे १२९१ ग्रॅम. त्याच्याच बाजूला मोडी लिपीत, ठिपक्यांनी कोरलेलं मालगुजाराचं नाव, 'शके १७८७' आणि '१०८॥ रुपयाभार'. शकात ७८ मिळवले की १८६५ येतं. १०८॥ रुपयाभार म्हणजे एकशे साडेआठ रुपयांच्या नाण्यांइतकं वजन. रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे १२६५ ग्रॅम. गावातल्या सोनारबुवांच्या काट्यावर आज भरलं १२४८.

पहिल्या वजनापासून दुसऱ्यापर्यंत २६ ग्रॅम गेले, तिथून आजवर १७. माझा अंदाज असा की ढाल पहिल्या टप्प्यात, मालगुजाराकडं येण्याआधीच घासली गेली. पुढची झीज उजाळ्याची. वारस आपल्याच घराण्याची ढाल पुसत नाही, विकताना पुसली जाते. मग लिलाव? शक्यता उरते, पुरावा नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, पुढच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली, आणि बदलीवर निघालेले साहेब नागपुरात सामान विकत. मला हीच वाट जास्त सरळ दिसते. आजींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाईचं होतं ना, मग बरंच झालं."

वाड्यातल्या दोन ताटांवर ठसे नाहीत, काम इथल्याच सोनाराचं. त्यांच्यावर वेगळं लिहीन.

एक कळकळीची विनंती: पॉलिशचं बफ मशीन आणि रांगोळी चांदीला लावू नका. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. दर उजाळ्याला ठसा, ढाल आणि वजन तिन्ही झिजतात.

आता महालक्ष्म्यांत बाकीची भांडी बाहेर निघतील तेव्हा प्रत्येकाचं वजन घेणार आहे. तुमच्याकडं औंस आणि रुपयाभार दोन्ही कोरलेलं भांडं असेल तर दोन्ही आकडे, शक आणि आजचं वजन कळवा. दहा-बारा भांडी जमली तरी झिजेचा हिशेब जास्त खात्रीनं मांडता येईल.