ओल

पौषात आमच्याकडे लग्नं नसतात, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याला पौष म्हणजे उपासाचा महिना. त्या दिवसांत मिळेल ते काम घेतो. पीकविम्याच्या वादातलं शेत, ठोकलेली गाडी, बँकेनं जप्त केलेली जिनिंग. मागच्या पौषात एका व्हॅल्युअरचा फोन आला. यवतमाळहून तासाभराच्या अंतरावर एका ट्रस्टचं वेड्यांचं इस्पितळ होतं. बंद पडून वीसेक वर्षं झालेली, आता जागा विकायची होती. इमारतीचे आतून-बाहेरून फोटो पाहिजेत, तीन हजार देतो म्हणाले. मी फुकटही गेलो असतो.

याचं कारण असं की परदेशातल्या ओस पडलेल्या मनोरुग्णालयांचे फोटो मी कित्येक रात्री जागून पाहिलेत. पोपडे सुटलेले लांबच लांब व्हरांडे, मधोमध एकटी चाकाची खुर्ची, खिडकीतून तिरपा उजेड. तिकडे अशा इमारती ढिगानं आहेत. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. पुढे औषधं आली, धोरणं बदलली, वॉर्ड रिकामे होत गेले. इटलीत १९७८ साली कायदाच झाला आणि अशा इस्पितळांत नवे रुग्ण घेणं थांबलं. आपल्याकडे उलटं. नागपूरचं १८६४ सालचं, ते अजून चालू आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी हीसुद्धा चालूच. ओस पडलेलं बघायला मिळणार कुठून? म्हणून हा फोन आल्यावर मला लॉटरी लागल्यासारखं झालं. आता याची लाज वाटते, पण तेव्हा झालं खरं.

फाटकाच्या आत गाजरगवत कमरेइतकं. कवेलूची लांबट इमारत, एका अंगाला विहीर, तिच्यावर झाकण म्हणून पत्रे टाकलेले. पहिल्या खोलीत कोणीतरी कुटार भरून ठेवलं होतं, दुसरीत छतापर्यंत पऱ्हाट्या. गावानं आपली सोय बघितली होती, त्यात काही वावगं नाही. तिसऱ्या खोलीत वटवाघळं. अशा ठिकाणी मी तोंडाला मास्क लावूनच जातो. त्यांच्या विष्ठेत बुरशी वाढते आणि ती फुप्फुसात गेली तर महागात पडते.

मोठा वॉर्ड शेवटी होता. किल्ली ज्यांच्याकडे होती त्या आजीबाईंनी कुलूप काढून दिलं आणि त्या दारातच पायरीवर बसल्या. इथं त्या एकोणीस वर्षं स्वयंपाकाला होत्या, एवढंच तोवर मला माहीत होतं.

आत एकच लोखंडी खाट उरली होती, कोपऱ्यात, भिंतीला लागून. वरची दोन-चार कवेलू सरकलेली, तिथून उन्हाचा पट्टा खोलीच्या बरोबर मधे पडलेला. मी खाट ओढत आणून त्या पट्ट्यात ठेवली. पायाशी एक ॲल्युमिनियमचं ताट पडलं होतं, तेही उचलून खाटेवर ठेवलं, थोडं कलतं. स्टँड लावला, वाइड लेन्स, आठ सेकंदांचा एक्स्पोजर. स्क्रीनवर बघितलं तर तस्साच फोटो, मी रात्री जागून पाहायचो तसा.

"ते खाट तिथं नव्हती, बाबू."

आजी मागे येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "हो आजी, फोटोसाठी हलवली."

"काहून? तिथं तर कोणीच नव्हतं निजत. पाणी गळे तिथं."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजींनी खाटेचं एक टोक धरलं, मी दुसरं. खाट पुन्हा भिंतीला गेली. मग त्यांनी ताट उचललं, पदरानं पुसलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथं घातलं.

"इथं मास्तर निजे. त्याच्या बाजूले तो एक, दिवसभर धुरे मोजत जाये. तिकडे कापडवाला." नावं त्यांनी घेतली नाहीत, किंवा त्यांच्यापाशी हीच नावं होती. एका-एका जागी उभ्या राहून त्या सांगत गेल्या. अकरा जागा.

तेव्हा माझं भिंतीकडे लक्ष गेलं. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, एका ओळीत, काळपट गोल डाग. आल्याआल्या मी ते पाहिले होते आणि ओल म्हणून सोडून दिले होते. जुन्या चुन्याच्या भिंतीला ओल असायचीच.

"ओल नाई व्हय ते, पाय बरं जवळून. डोक्याचं तेल हाये. दर आयतवारी मीच लावून देत जाय. दिवसभर भिंतीले टेकून बसत ना सारे."

मी बोट फिरवलं. आजूबाजूला चुना हाताला लागत होता, पण डागाच्या जागी भिंत पाटा झिजावा तशी गुळगुळीत झालेली. अकरा डाग मोजले. दोन थोडे खाली होते. "ते पोरगे होते," आजी म्हणाल्या.

नवव्या डागाखाली फरशीत लोखंडी कडी होती. मी कडीकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"त्याले बांधत. रात्री विहिरीकडे पये तो. मी जेवाले बसवलं का सोडत जाय." थोडं थांबून म्हणाल्या, "ताजुद्दीन बाबाले नाई का ठेवलं होतं नागपूरच्या पागलखान्यात? आता लोक तिथं पाया पडाले जातात."

बाबांना १८९२ साली तिथं ठेवलं होतं, पुढची सोळा वर्षं. पण त्यांची गोष्ट कडीपाशी पुरी पडत नव्हती, आणि ते आजींनाही कळत असावं, कारण पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

हे बंद कसं पडलं ते मी विचारलं. ऑगस्ट २००१ मधे तमिळनाडूत एरवाडीला अशाच एका ठिकाणी आग लागली आणि साखळीनं बांधलेली अठ्ठावीस माणसं सुटता न आल्यानं जळाली. सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली, राज्याराज्यांत तपासण्या सुरू झाल्या. इथंही "साह्यबांच्या दोन गाड्या" आल्या, मग महिनाभरात सगळ्यांना कुठे-कुठे नेलं. कोणाला नागपूरला, कोणाला घरचे येऊन घेऊन गेले. कापडवाल्याला न्यायला कोणी आलं नाही, तो गाडीत बसेना, एवढं आजींना आठवत होतं. साखळीनं बांधायला कायद्यात स्पष्ट मनाई झाली ती २०१७ साली.

ऑफिसच्या खोलीत कपाट उघडंच होतं. आत वाळवी लागलेली रजिस्टरं, पानापानावर नाव, गाव, बापाचं नाव, काही ठिकाणी चिकटवलेला पासपोर्ट फोटो. त्याच २०१७ च्या कायद्यात रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांकडे द्यायचा नाही असंही आहे. ते कलम उपचार चालू असलेल्यांसाठी आहे. पण त्या पासपोर्ट फोटोंवर लेन्स धरायला माझा हात काही उचलला नाही. कपाट लावून घेतलं, व्हॅल्युअरला रजिस्टरांबद्दल फोन केला. "ते आपलं काम नाही," ते म्हणाले. बरोबरच होतं.

मग मी पुन्हा वॉर्डात गेलो. तो पहिला फोटो खोडून टाकला. समोरून फ्लॅश मारला तर डाग भिंतीत विरून जात होते, म्हणून चार वाजेपर्यंत थांबलो, दारातून ऊन आडवं आलं तेव्हा घासलेल्या जागा चकाकायला लागल्या. कोपऱ्यातल्या खाटेपासून दारापर्यंत, अकराच्या अकरा एका फ्रेममधे बसवले. आजी म्हणाल्या, "माह्या फोटू नको काढू." नाही काढला. निघताना त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

व्हॅल्युअरला चौतीस फोटो पाठवले. महिन्याभरानं पैसे आले, सोबत रिपोर्टची प्रत. एकविसाव्या पानावर माझा तो फोटो, टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा. खाली लिहिलं होतं: "उत्तरेकडील भिंतीस ओल. गिलाव्याचा खर्च वजा."