ट्रेलरची ऑर्डर आणि फलटणहून आलेले प्रश्न

नव्या ट्रॅव्हल ट्रेलरची ऑर्डर द्यायला गेलं की डीलर हातात एक कागद ठेवतो. त्यावर चौकोनच चौकोन. दुसरा एसी हवा का, छतावर सोलर हवं का, काचा दुहेरी हव्यात का, शेकोटीसारखी दिसणारी विजेची शेगडी हवी का, सोफा राखाडी की तपकिरी. प्रत्येक चौकोनापुढे डॉलरचा आकडा. किलोचा आकडा मात्र कुठेच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

ज्यांनी ही चीज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे हुकाला लावून ओढायचं घर. आत ओटा, गॅस, फ्रीज, पलंग, संडास-बाथरूम. खाली तीन टाक्या: चांगल्या पाण्याची, अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची आणि तिसरी संडासाची. आपल्याकडे राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण फलटण-सातारा रस्त्यावर असं घर ओढत नेणारा कोणी मला अजून दिसलेला नाही. इथे अमेरिकेत शुक्रवारी संध्याकाळी हायवेला लागलं की रांगच असते.

आम्ही घेतोय ते सासू-सासऱ्यांसाठी. उन्हाळ्यात आई-अण्णा येणार आहेत, आणि त्यांना मोटेलांमधून फिरवणं म्हणजे त्यांचेही हाल आणि आमचेही. अण्णांना बादलीभर गरम पाणी लागतं, आईंना सकाळचा चहा स्वतःच्या हातचा लागतो. बाहेर मुक्काम करायची त्यांना भीती नाही. आई दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेलेल्या आहेत, तंबूत झोपलेल्या आहेत. पण आता गुडघे बोलतात.

आम्ही राहतो इंडियानातल्या कोलंबसला. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय इथे आणि मोठा कारखाना फलटणला, त्यामुळे या गावात फलटण कुठे आहे हे सांगायला नकाशा काढावा लागत नाही. योगायोग असा की अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर याच राज्याच्या उत्तरेला, एल्कहार्ट आणि त्याच्या आसपास बनतात, आमच्यापासून साधारण तीनशे किलोमीटरवर. त्या कारखान्यांत आमिश समाजाची माणसं मोठ्या संख्येने आहेत. घरी बाहेरून विजेची तार घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत, कित्येकजण सायकलवर कामाला येतात आणि दिवसभर लोकांच्या चाकावरच्या घरांत दिवे, एसी आणि टीव्ही बसवतात. मला हे पाहून फार गंमत वाटली.

तर तो कागद मी फोटो काढून फलटणला दादाला पाठवला. माझ्या भावाचं तिथे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या बांधतो, दुरुस्त करतो. मला वाटलं होतं तो रंगाबिंगाबद्दल काहीतरी बोलेल. रात्री व्हिडिओ कॉल आला, मागे वेल्डिंगचा आवाज, आणि पहिलाच प्रश्न, "हुकावर वजन किती येतंय ते इचारलंस का? सोफ्याचं मागनं बघू."

नवरा म्हणाला, ट्रक चार टन ओढतो असं कंपनीच लिहिते, ट्रेलर तर जेमतेम तीन टनांचा. दादा हसला. त्याचं म्हणणं असं की ओढायची ताकद वेगळी आणि पाठीवर घ्यायची वेगळी. ट्रॉलीत ऊस पुढे जास्त भरला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं, मागे जास्त भरला की ट्रॉली हेलकावे खाते. इथलं गणितही तेच निघालं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यायला हवा. कमी आला तर शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डुलायला लागतो, जास्त आला तर ट्रकची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते.

मग आम्ही ट्रकचा दरवाजा उघडून आतल्या खांबावरचा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून ७७१ किलोंपेक्षा जास्त नको, असं त्यावर छापलेलं. हुकावरचं वजनही यातच मोजायचं. भरलेला ट्रेलर ३,०८० किलो धरला तर १३ टक्क्यांनी हुकावर ४०० किलो. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारी हुकाची जोडणी ४० किलो. आम्ही दोघं, मुलगी, आई, अण्णा मिळून ३०० किलो. झाले ७४०. उरले ३१ किलो, आणि त्यात आईंची पीठ-मसाल्यांची पिशवी अजून धरलेली नाही. चार टन ओढणाऱ्या ट्रकची ही कथा. जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबून लोक मोठमोठे ट्रेलर घेतात ते हा स्टिकर न वाचता, असं माझं ठाम मत झालंय.

यानंतर तो कागद वेगळाच दिसायला लागला. ट्रेलरलाही असाच पिवळा स्टिकर असतो, किती सामान भरता येईल त्याचा. तुम्ही घेतलेला प्रत्येक जादा ऑप्शन त्यातूनच वजा होतो. पाण्याची ५० गॅलनची टाकी भरली की १९० किलो तिथेच गेले. म्हणून विजेची शेकोटी पहिल्या फटक्यात गेली. दुसरा टीव्ही गेला. बाहेरचा ओटा, म्हणजे भिंतीचं दार उघडलं की शेगडी आणि छोटा फ्रीज, तो मला फार आवडला होता. पण त्याने आतली कपाटाची जागा जाते आणि वजन वाढतं. त्याऐवजी बाहेरच्या बाजूला गॅसची नुसती एक जोडणी घेतली. आपली सुटी शेगडी तिथे लावायची, भाकरी बाहेर, ठेच्याच्या मिरच्या बाहेर. खोकला पण बाहेरच.

भिंत बाहेर सरकवून खोली मोठी करणारा स्लाइड-आउट हा सगळ्यात मोहाचा चौकोन. आम्हाला दोन सुचवले होते, आम्ही जेवणाच्या टेबलाचा एकच घेतला. एकेकाचं वजन शेकड्यांत जातं, शिवाय त्याच्या रबरी पट्ट्या झिजल्या की पाणी आत येतं. पण वजनापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. डीलरच्या आवारात उभा असलेला त्याच नमुन्याचा ट्रेलर स्लाइड आत घेऊन बंद करायला लावला आणि मी आत शिरून पाहिलं: संडासाचं दार उघडतंय का, फ्रीज उघडतोय का. एका नमुन्यात संडासापर्यंत पोचताच येत नव्हतं. रस्त्यात विश्रांतीसाठी थांबलो आणि अण्णांना जायचं असेल तर काय, आधी भिंत बाहेर काढायची? तो नमुना तिथेच बाद.

दादाचा दुसरा प्रश्न आणखी कामाचा. "ह्यातलं मागनं काय बसवता येतंय त्याच्यावर फुली मार." तसं केल्यावर अर्धा कागद संपला. गादी, कॅमेरा, सोलरचे पॅनेल, बॅटरी, नळ, पडदे हे सगळं नंतर आणता येतं आणि बहुतेक वेळा स्वस्तात. जे भिंतीत, छतात किंवा जमिनीखाली गाडलं जातं त्याच्यासाठीच कारखान्याला पैसे मोजायचे. जमिनीखालच्या टाक्या आणि नळ झाकून त्यांना गरम हवा देण्याची सोय आम्ही घेतली, कारण ऑक्टोबरात डोंगरात रात्री पाणी गोठू शकतं. दुहेरी काचाही नंतर बसवणं कठीण, तरी त्या सोडल्या. जानेवारीत आम्ही कुठे जाणार नाही आणि काच जड असते.

विजेचं थोडं सविस्तर सांगते. साध्या ट्रेलरला ३० अँपिअरची जोडणी असते. इथे १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. छतावरचा एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कोणी विजेची किटली लावली की खटका पडणार. ५० अँपिअरच्या प्लगमध्ये १२० व्होल्टच्या दोन तारा येतात, त्यामुळे १२,००० वॉट मिळतात. दुसरा एसी हवा असेल तर हीच जोडणी लागते. आम्ही मधला मार्ग काढला: १५,००० बीटीयूचा, म्हणजे आपल्या भाषेत सव्वा टनाचा एकच एसी, पण जोडणी ५० अँपिअरची आणि झोपायच्या खोलीच्या छतात दुसऱ्या एसीसाठी तारा ओढून ठेवलेल्या. जुलै सोसला नाही तर एसी वर चढवू, तारांसाठी छत फोडावं लागणार नाही.

स्वयंपाकघराचा चौकोन डीलरच्या माणसाला समजावताना माझी खरी कसोटी लागली. बऱ्याच ट्रेलरमध्ये शेगडीवरचा पंखा धूर बाहेर फेकतच नाही, जाळीतून गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो. पास्ता उकळणाऱ्यांना चालत असेल. हिंग-मोहरीची फोडणी पडली की धुराचा अलार्म ठणाणा करणार आणि रात्रीपर्यंत पांघरुणांना लसणाचा वास. म्हणून हवा बाहेर टाकणारा पंखा मागून घेतला आणि छतातली १४ इंची खिडकी बरोबर ओट्याच्या वर आहे ना, हे नकाशावर बोट ठेवून विचारलं. तिथे पावसातही चालणारा पंखा नंतर बसवता येतो. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि तो जमिनीलगत असतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. त्याच्यापुढे तांदळाची पिशवी ठेवू नका, असं आईंना आत्तापासून सांगून ठेवलंय.

सिलिंडर दोन असतात, पुढे हुकाच्या दांड्यावर. मोठे, म्हणजे ३० पौंडांचे घेतले तर एकात साडेतेरा किलो गॅस मावतो, जवळजवळ आपल्या घरच्या १४.२ किलोच्या टाकीइतका. पण दांड्यावर ठेवलेलं बहुतेक सगळं वजन हुकावरच येतं, म्हणून छोटेच ठेवले. बॅटरीही तिथेच बसते. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी जवळपास ३० किलोंची आणि तिच्यातली अर्धीच वीज वापरायची. लिथियमची त्याच आकड्याची अर्ध्याहून कमी वजनात येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. इथे पैसे खुशाल घाला. ग्रेट स्मोकी माउंटन्ससारख्या राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडमध्ये जागेवर विजेची जोडणी सहसा नसते, आणि हल्लीचे १२ व्होल्टचे फ्रीज रात्रभर बॅटरीवरच चालतात. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीजही मिळतो, पण तो सपाट जागेवरच नीट चालतो आणि उन्हाळ्यात दमतो. दही-दुधाचा प्रश्न आहे, म्हणून १२ व्होल्टचा.

अंघोळीच्या पाण्यावरून अण्णांशी फोनवर चर्चा झाली. बंबाऐवजी लगेच पाणी तापवणारा गीझर घ्या, पाणी संपतच नाही, असं डीलर सांगत होता. पण खाली सांडपाण्याची टाकी आहे तेवढीच आहे. तापलेलं पाणी अखंड आलं तर ती दुपारीच भरणार. शिवाय नळ बारीक सोडला तर तो गीझर पेटतच नाही. सहा गॅलनचा साधा बंब म्हणजे साधारण २३ लिटर. अण्णा म्हणाले, "एक बादली आणि वर दोन तांबे. बास की." विषय संपला. संडासाला चिनी मातीचं भांडं आणि हाताने धरायचा फवारा, हे दोन्ही न विचारताच घेतलं. संडासाची टाकी आतून धुवायची वेगळी जोडणी असते, तीही घ्या. ती नसेल तर काय करावं लागतं ते जेवताना वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. आणि दाराशी जमिनीवर टेकणाऱ्या भक्कम पायऱ्या, शेजारी लांब दांडा. आईंच्या गुडघ्यांसाठी एवढं पुरे.

काही चौकोन चौकोन नसतातच. "पॅकेज" नावाखाली पाच-सहा गोष्टी एकत्र असतात आणि ते घेतल्याशिवाय कारखाना ऑर्डरच घेत नाही. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी छापील किमतीवर सवलत मागा, छापील किंमत इथे क्वचितच कोणी देतं. सह्या करायच्या खोलीत मग वाढीव हमी, रंगाचं संरक्षण, टायरचा विमा असे नवे कागद येतात. आम्ही सगळ्यांना नाही म्हटलं. त्या पैशांतून ताबा घेताना एका स्वतंत्र तपासनिसाला बोलावणार आहोत. छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा, गॅसची गळती, पाण्याचा दाब हे सगळं तो आमच्यासमोर बघेल, त्यानंतरच उरलेली रक्कम. भरलेला ट्रेलर पहिल्याच खेपेला ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर घालायचा हेही ठरलंय. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर अशी तीन वेगळी वजनं तिथे एकाच पावतीवर मिळतात.

दादाचं समाधान अजून झालेलं नाही. ट्रेलरच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा फोटो मोठा करून करून त्याने पाहिला आणि त्यांच्या बोल्टभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश, नायलॉनचे आहेत हे कळल्यावर कपाळावर हात मारला. "एवढे पैसे घेत्यात आन् बुश प्लास्टिकचं?" ब्राँझचे बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट इथे तयार मिळतात, फार महागही नाहीत, नंतर बसवता येतात, असं मी सांगून पाहिलं. पण त्याला ते लेथवर स्वतः काढून आईंच्या बॅगेतून पाठवायचे आहेत. आईंच्या बॅगेत आधीच २३ किलोंची मारामारी आहे, चटण्या आणि शेवया यांच्यात बुशला जागा कोण देणार ते त्यांनी आपसात ठरवावं. बोल्टचं माप मात्र त्याने मिलिमीटरमध्येच मागितलंय.